अर्ज ज्याचा त्यानें लिहावा

[एका खेड्यांतील तरुण मंडळ व महिला बचत गट यांच्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण त्यांनींच लिहून पाठविलें, तें येथें देत आहों.]



आजच्या सभेचें आमंत्रण मला कोणत्या शब्दांत मिळालें तें आधीं सांगतों. मंडळाचे दोघे तरुण घरीं आले आणि म्हणाले, "गुरुजी, जुन्या चावडींत अभ्यासिका करायची आहे. तुम्ही एक फक्कड अर्ज लिहून द्या, म्हणजे पैसे मिळतील. तुमचें अक्षर चांगलें, भाषाही भारदस्त." अक्षर चांगलें आहे हें मी मान्य करतों, ट्रेनिंग कॉलेजांत आमच्याकडून तेवढें तरी घोटून घेतलें होतें. पण भारदस्त भाषेनें या गांवाचें एकदां किती नुकसान केलें आहे तें मला ठाऊक आहे, कारण ती भाषा माझीच होती. म्हणून मीं त्यांना सांगितलें, अर्ज मी लिहून देणार नाहीं. तुम्ही लिहा, मी शेजारीं बसतों. दोघांचीं तोंडें उतरलीं. मास्तर आतां भाव खाऊं लागले, असें त्यांना वाटलें असावें. म्हणून सर्वांसमक्ष खुलासा करण्यास उभा आहें.

शाळेच्या मागें पिवळ्या रंगाची एक लहान इमारत आहे. मुलींसाठीं बांधलेला तो संडास. त्याचा अर्ज मीं लिहिला होता. नऊ वर्षें झालीं. एका कार्यालयाकडून पत्रक आलें कीं अमुक तारखेच्या आंत प्रस्ताव पाठवा. मुदतीला दोन दिवस उरलेले. दुसऱ्या एका गांवचा प्रस्ताव मीं मागून आणला, रात्रीं बसून गांवाचें नांव बदललें, तारीख बदलली, आणि पदरचे पांच-सहा जड शब्द घातले. "विद्यार्थिनींची नितांत कुचंबणा", "सर्वांगीण उन्नतीचा राजमार्ग" वगैरे. मुलींची संख्या सुद्धां त्या गांवचीच राहिली आणि ती कोणाच्याच लक्षांत आली नाहीं. प्रस्ताव पहिल्या फेरींतच मंजूर झाला.

बांधकाम झालें, रंग लागला, फोटो निघाला, माझा सत्कार झाला, नारळ मी घरीं घेऊन गेलों. फक्त पाणी नव्हतें. नळ दीडशें पावलांवर, तोही उन्हाळ्यांत कोरडा. पहिला महिना मुलींनीं डबड्यानें पाणी नेलें. दुसऱ्या महिन्यांत घाण सुटली. झाडणारें कोणी नव्हतें, कारण झाडणाऱ्याच्या मजुरीचा रकाना त्या छापील प्रस्तावांत नव्हता आणि मलाही तो सुचला नव्हता. दिवाळीच्या सुटीनंतर दाराला कुलूप लागलें, आंत फुटके बाक व खराटे भरले. कागदावर मात्र आमची शाळा सोयींनीं परिपूर्ण झाली. त्यामुळें त्याच कामासाठीं पुन्हां हात पुढें करण्याचीही वाट बंद झाली. अर्ज नामंजूर झाला असता तर एवढें नुकसान झालें नसतें!

त्या वर्षीं सातवींतली एक हुशार पोर महिन्यांतून चार-चार दिवस गैरहजर राहूं लागली आणि चैत्र लागतांच तिनें शाळा सोडली. मी घरीं गेलों. बाप कांहीं बोलला नाहीं. आई भाकरी थापतां थापतां म्हणाली, "गुरुजी, तुम्ही खोली मागितली. पाणी कुठं मागितलंत?" मी चहा न घेतांच उठलों. या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजाच्या वहींत मला सांपडलें नाहीं.

आतां मुद्द्यावर येतों. अर्ज म्हटला कीं आपल्या माणसाची मान आपोआप खालीं जाते. मायबाप, उपकृत करावें, पदरांत घ्यावें, असे शब्द लेखणींतून नकळत गळतात. किंवा मग आपण दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पितों. कोणीतरी शहाणा गांठायचा, त्याच्या हातीं कागद द्यायचा आणि तो लिहील तेथें अंगठा किंवा सही करायची. पूर्वीं अंगठा होता, आतां सही आहे, इतकाच फरक. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. निरक्षर शेतकऱ्याला कागद कळत नाहीं आणि त्या कागदाच्या जोरावर कारकून मंडळी त्याला कशी नाडतात, हें त्यांत सविस्तर आहे. आज आपण निरक्षर नाहीं. मग कागद परक्याच्या हातांत कां द्यायचा?

त्याच जोतीरावांनीं आदल्या वर्षीं एक निवेदन लिहिलें. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें शिक्षण आयोग नेमला होता, त्याच्यापुढें तें ठेवलेलें आहे. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. मूळ इंग्रजींत आहे, मराठींत भाषांतरें मिळतात. अर्ज कसा असावा हें शिकायचें तर मी तुम्हांला तेंच वाचायला सांगेन. त्याची मांडणी पाहा. आरंभीं ते आपला अनुभव कोठला तें सांगतात: पुणें आणि आसपासचीं खेडीं. उगाच सगळ्या हिंदुस्थानची बढाई नाहीं. मग आपण व आपल्या पत्नीनें मुलींच्या शाळेंत काम केलें, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, तें सांगतात. म्हणजे मागणारा माणूस कोण आणि त्यानें स्वतः काय केलें, हें पहिल्याच पानावर. मग पैशाची गोष्ट. सरकारच्या तिजोरींत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामाचा; परंतु शिक्षणाचा खर्च होतो तो वरच्या वर्गांवर. भीक मागणारा असें लिहीत नाहीं. हिशेब मागणारा लिहितो.

आणि शेवटीं मागण्या. बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. लोकल फंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाकडे लावा. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतले, शिकवून तयार केलेले, औताला हात लावायची लाज न वाटणारे असावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस असावा. मुलांना मोडी व बाळबोध, हिशेब, थोडी शेती, थोडें आरोग्य शिकवावें. बारा रुपयांचा तो आंकडा माझ्या मनांत घर करून बसला आहे. मी स्वतः मास्तर आहें म्हणूनही असेल! "शिक्षकांस पुरेसा पगार द्यावा" असें लिहिणें सोपें होतें, दिसायलाही तें बरें दिसलें असतें. पण 'पुरेसा' या शब्दावर कोणताही अधिकारी डुलकी घेऊं शकतो. बारा रुपये म्हटलें कीं त्याला हो किंवा नाहीं म्हणावें लागतें.

जोतीरावांच्या सर्व मागण्या मान्य झाल्या काय? नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो १९१७ सालीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभरासाठीं झाला तो २००९ सालीं, आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. मागणी आणि देशभरचा कायदा यांत १२७ वर्षें गेलीं. अर्जाची नक्कल जपून ठेवा असें मी म्हणतों तें उगाच नाहीं.

त्याच निवेदनांत आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती आजही उपयोगी. त्या काळीं परीक्षेचा निकाल पाहून शाळांना ग्रँट देण्याची पद्धत होती. जोतीरावांचें म्हणणें असें कीं ज्या लोकांना अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाहीं त्यांच्यांत ही पद्धत चालणार नाहीं. निकाल लागेपर्यंत मास्तरनें काय आशेवर जगायचें? आज कित्येक योजनांत हाच प्रकार असतो. आधीं तुम्ही खर्च करा, पावत्या द्या, मग रक्कम मिळेल. पैसेवाल्या संस्थेला तें परवडतें, आपल्या मंडळाला परवडत नाहीं. म्हणून पत्रक हातीं पडलें कीं एकूण रक्कम किती तें मागून वाचा. पहिला हप्ता केव्हां आणि कशावर मिळतो तें आधीं वाचा. दुसरा हप्ता बहुधा पहिल्याचें उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर येतो, आणि तें प्रमाणपत्र पावत्यांवांचून होत नाहीं. सिमेंटची पावती खिशांत धुतली गेली, ही सबब ऐकून घेणारा अधिकारी मीं अजून पाहिला नाहीं.

आतां आमच्या दुसऱ्या अर्जाविषयीं. कुलूप तीन वर्षें तसेंच होतें. मग बचत गटाच्या बायकांनीं मनावर घेतलें. एका कंपनीचा निधि मिळतो असें कळलें होतें. यावेळीं मीं लेखणी उचलण्याआधीं मोजायला सुरुवात केली. म्हणजे मोजणी बायकांनीं केली. कांहीं प्रश्न पुरुष मास्तरनें मुलींना विचारायचे नसतात. शाळेंत तेव्हां ६४ मुली होत्या. त्या प्रत्येकीशीं कोणी ना कोणी घरीं बसून बोललें. त्यांतून एक गोष्ट पुढें आली, जी इतकीं वर्षें रोज समोर असून मला दिसली नव्हती. ६४ पैकीं ३७ मुली शाळेच्या वेळांत पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. कां, तें या सभेंत सांगण्याची गरज नाहीं. हजेरीपटावरून मीं वरच्या वर्गांतल्या मुलींचे गैरहजेरीचे दिवस महिनेवार काढले, नांवें न लिहितां. नंतर पाण्याचा हिशेब. एका खेपेस पांच लिटर धरले, दिवसाला एक खेप, म्हणजे ३२० लिटर. हात धुणें आणि सफाई मिळून आणखी दीडशें-पावणेदोनशें. तेव्हां पांचशें लिटरची टाकी, वर चढवायला पंप, आणि दीडशें पावलांची नळवाहिनी. पावलें टेपानें मोजलीं तेव्हां एकशें सात मीटर भरलीं. त्या अर्जांत 'नितांत' हा शब्द कोठेंच नव्हता.

तरीही पहिल्या वेळीं तो परत आला. कंपनीच्या बाईंनीं एकच प्रश्न विचारला होता: आम्ही टाकी बसवूं, पण तीन वर्षांनीं पंप जळाला तर दुरुस्त कोण करणार, आणि रोज झाडणार कोण? मला राग आला. मनांत म्हटलें, द्यायचे नाहींत म्हणून खुसपट काढलें. दोन दिवसांनीं राग उतरल्यावर लक्षांत आलें कीं भाकरी थापणाऱ्या त्या माउलीनें विचारलेलाच हा प्रश्न होता, फक्त कोऱ्या करकरीत कागदावर. मग विषय ग्रामसभेंत गेला. वाद झाला, एक-दोघे उठून गेले. पण ठराव झाला कीं सफाईची मजुरी आणि पंपाची दुरुस्ती पंचायत करील. नळवाहिनीचा चर गांवकऱ्यांनीं अंगमेहनतीनें खणला. ठरावाची नक्कल आणि चर खणणाऱ्यांची यादी जोडून अर्ज पुन्हां गेला, आणि मंजूर झाला. कुलूप निघालें. किल्ली अंगणवाडीच्या ताईंकडे असते. शाळा सोडलेल्या त्या पोरीचें मात्र परत येण्याचें वय निघून गेलें होतें.

देणारा आपला वाटा विचारतो तेव्हां पुष्कळांना तो अपमान वाटतो. गरिबानें आणखी काय द्यायचें? पण कर्मवीर भाऊराव पाटलांचें उदाहरण आठवा. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. वसतिगृहांतल्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. घरोघरच्या मुठीमुठीच्या धान्यावर चूल पेटली. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवूं लागलीं, आणि १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. त्या काळांत कर्मवीर पाहुण्याला काय दाखवीत असतील? शिजणारें अन्न आणि शिकणारीं मुलें. पुढें १९४८ सालीं सरकारनें संस्थेची ग्रँट थांबविली, नंतर ती पुन्हां सुरू झाली; पण मधल्या काळांत संस्था मोडली नाहीं, कारण तिचे पाय लोकांत होते. एकाच ग्रँटीवर उभें राहिलेलें काम ती ग्रँट संपतांच बसतें.

आतां पैसा कोणाकडे असतो तें थोडक्यांत. एक, आपली ग्रामपंचायत. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली आणि ग्रामसभेला घटनेंत जागा मिळाली. पंचायतीचा वार्षिक आराखडा होतो त्यांत काम लिहिलेलें नसेल तर मागाहून किती फेऱ्या घातल्या तरी सरपंच "पुढच्या वर्षीं पाहूं" म्हणणार, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. आराखड्याच्या ग्रामसभेला मात्र आपण दहाजणही जमत नाहीं. दुसरें, कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें, ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पांच कोटि रुपये किंवा अधिक आहे तिनें मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. मोठी उलाढाल किंवा मोठी मालमत्ता असलेल्यांनाही तें लागू आहे. आपल्या आसपासच्या भागाला त्यांनीं प्राधान्य द्यावें असेंही त्याच कलमांत आहे, तेव्हां कंपनीला लिहितांना तिच्या कारखान्यापासून आपलें गांव किती अंतरावर आहे तें अवश्य लिहा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत कोणकोणतीं कामें चालतात त्याची यादी आहे. शिक्षण, पिण्याचें पाणी, स्वच्छता हीं सारीं त्यांत आहेत. देवळाचा कळस नाहीं.

परंतु आपल्या मंडळाची अजून नोंदणीच नाहीं. गणपति बसवायला ती लागली नाहीं. कंपनी स्वतः काम करून देऊं शकते. पण दुसऱ्या संस्थेमार्फत करायचें तर त्या संस्थेनें सरकारकडे नोंद केलेली असावी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठीं वेगळा फॉर्म भरावा लागतो. संस्था नोंदायची तर १८६० चा कायदा आहे, किमान सात माणसें लागतात. महाराष्ट्रांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींतही नोंद करावी लागते आणि दरवर्षीं हिशेब तपासून द्यावा लागतो. ज्यांना वर्षाकांठीं हिशेब देण्याचा कंटाळा आहे त्यांनीं संस्था काढूं नये, पंचायतीमार्फत काम करावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

येथें एका जातीच्या माणसापासून सावध करतों. जात म्हणजे धंद्याची म्हणतों आहें. तालुक्याला असे लोक भेटतात जे म्हणतात, "अर्ज आम्ही लिहितों, मंजूर करून आणतों, दहा टक्के आमचे." मग दहा टक्के बसविण्यासाठीं अंदाजपत्रक फुगवायचें. एकदां अंदाजपत्रक फुगलें कीं पावत्याही फुगवाव्या लागतात, आणि त्यांवर सही कोणाची? मंडळाच्या अध्यक्षाची. तो टक्केवाला सही करीत नसतो. अर्ज दिला आणि उत्तर आलें नाहीं, तर टक्केवाल्याकडे जाण्यापेक्षां सरकारी कचेरींत दहा रुपयांचा माहितीचा अर्ज टाका. २००५ च्या कायद्यानें तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. मात्र सभ्यपणें लिहा. आमच्या अर्जाचें काय झालें, एवढेंच विचारा. कारकून हा कांहीं आपला शत्रु नव्हे, त्याच्या टेबलावर आपल्यासारखीं शंभर गांवें पडलेलीं असतात.

भाषेविषयीं माझा एक हट्ट आहे. अर्ज आधीं मराठींत, आपण बोलतों तशा मराठींत लिहा आणि तो ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा. कंपनीला इंग्रजी हवें असेल तर मागाहून भाषांतर करून घेऊं. पण जो कागद हौसाक्काला ऐकून कळत नाहीं त्यावर गांवाची सही नको. वाचतांना कोणीतरी मध्येंच ओरडेल, "अहो, पण तिथं पावसाळ्यांत पाणी गळतं!" ती ओळ अर्जांत घाला. तुमच्या अभ्यासिकेच्या बाबतींत तर मला आत्तांच दिसतें आहे कीं ती ओळ लागणार. चावडीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे आणि पुस्तकांचें कपाट तुम्ही नेमकें तेथेंच ठेवायचें म्हणतां!

मंडळाच्या पोरांनो, दुसरेंही विचारतों. अभ्यासिकेंत बसणार कोण? तुम्ही म्हणालां, गांवांतले सर्व विद्यार्थी. दहावी-बारावीचे किती, स्पर्धापरीक्षेला बसणारे किती, त्यांत मुली किती? दिवे लागल्यावर मुलींना घरून सोडतील काय, हें त्यांच्या आयांना कोणीं विचारलें? आयाबहिणी येथेंच बसल्या आहेत, कोणीच विचारलें नाहीं असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतें. मुलींसाठीं दुपारची वेळ ठेवायची कीं वेगळी खोली, हें त्यांच्याकडूनच कळेल. विजेचें बिल कोण भरणार? पुस्तकें पहिल्या वर्षीं येतील, तिसऱ्या वर्षींचीं कोठून? आणि किल्ली कोणाकडे?

मंगळवारीं दिवेलागणीला याच ओट्यावर बसूं. शाळेचा टेप मी आणतों. दोघांनीं चावडीची लांबी-रुंदी घ्यायची, बचत गटानें वरच्या आळीपासून घरें मोजायला लागायचें, आणि ग्रामसेवकांकडून चावडीचा उतारा व मागच्या सहा महिन्यांचीं विजेचीं बिलें कोणीतरी मागून आणायचीं. कोरे कागद पुष्कळ आणा. पहिला खर्डा फाडावाच लागतो.